शेंदरातलं आखूड बोट

आण्णा, तुमच्या म्हसोबाला मी हलवलं. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे ते त्याच्याचबद्दल, याचाही मला रागच येतो. चाकणकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता आणि तो नेमका जुन्या वेशीपाशी, रस्त्याच्या अंगावर बसलेला. शिफ्टच्या दोन्ही वेळेला कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर तिथे अडकायचे. एका स्कूटरवाल्याचा पाय चाकाखाली आला, तेव्हा सोसायट्यांतले लोक महापालिकेत आमच्या ऑफिसात ठाण मांडून बसले. रस्त्याची फाइल माझ्या टेबलावर आली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. हा दगड लहानपणापासून माझ्या डोळ्यांत खुपत आला आहे.

पहिली शिफ्ट सुटते, कंपनीची बस तुम्हाला वेशीपाशी सोडते. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. तुम्ही चपला काढता, डबा बाजूला ठेवता आणि त्याच्यापुढे उकिडवे बसता. "काय रं, बरा हाईस का?" मग बराच वेळ तुमचे ओठ हलत राहतात. घरी येता तेव्हा तुमच्याजवळचं बोलणं संपलेलं असतं. माझ्या हातातला तांब्या घेता आणि आईला "वाढ" म्हणता. मी बरी आहे का, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. आई म्हणायची, "ह्यापरीस सवत परवडली आसती, भांडता तरी आलं आसतं." ती हसायची, मला हसू यायचं नाही. अवसेला तुम्ही तेलात शेंदूर कालवून त्याला लावायचात, वरपासून खालपर्यंत, सगळ्या बोटांनी, तान्ह्या पोराला माखावं तसं. एकदा मी मध्येच हात घातला तर फटकन हातावर मारलंत. "बाईमाणसानं हात न्हाई लावायचा." मी दुसरीत होते, कसलं बाईमाणूस. पुढे इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तुम्ही चिंचवडहून चांगली कंपासपेटी आणलीत, पण तीही आधी त्याच्यापुढे ठेवून मग घरी. झाकणावरचा शेंदराचा डाग अजून गेलेला नाही. त्याच्याआधी मला मिळाली, अशी तुमच्या हातची एकही वस्तू मला आठवत नाही.

आणि ते बोट. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशिनीत उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेलं. तुम्ही घरी येऊन एवढंच म्हणालात, "लागलं जरा." पट्टी सुटल्यावर आम्हाला दिसलं. आईनं खोदून खोदून विचारलं, मी विचारलं, पण तुमच्या तोंडाला कुलूप. चौथ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन कामावर.

तर रस्ता. जुन्या वास्तूंचा अभ्यास करणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, शक्यतो जागेवर राहू द्या. असे दगड गाव सोडून गेले की नुसते दगड होतात." मी त्यांना बसगाडीला वळायला किती जागा लागते ते समजावून सांगितलं आणि म्हसोबाला वाकडकडच्या बागेत नेऊन ठेवावं, असं लिहून टाकलं. कारणं सगळी खरी होती, एकही खोटं नव्हतं. पण तिथे शिफ्ट सुटल्यावर त्याच्याशी बोलायला कोणी जाणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तात्या माझ्याशी भांडले. आता तुमच्या पिढीचे तेवढे एकच उरलेत. "देवाला घसरगुंडीशेजारी बसिवती व्हय गं? पोरं त्याच्या डोक्यावर चढत्याल." मी म्हणाले, चढू द्या.

उचलायच्या दिवशी गोणपाट गुंडाळून क्रेनचा पट्टा आवळला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचं कवच तडकून ढलप्या ढलप्यांनी खाली आलं. आतून निघाला ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि त्याच्या पायाशी गाई. बाई हरखून गेल्या. "वीरगळ आहे हो हा. गावच्या गाई सोडवताना पडला असेल कुणीतरी." पोरांनी मोबाइल काढले, हार आले. इतकी वर्षं नुसता देव होता, आता शूरवीरही ठरला. जळफळाट म्हणजे काय ते मला त्या गर्दीत नीट कळलं. मी खाली बघत राहिले, तर पायाशी पाठीकडच्या कवचाचा तुकडा पडलेला. त्यावर बोटं ओढल्याच्या चार चऱ्या होत्या, त्यांतली मधल्या बोटाची आखूड. तुमच्यानंतर त्याला कोणी शेंदूर लावलाच नव्हता.

तात्या शेजारी उभे होते. मी विचारलं, "तात्या, आण्णा एवढं काय बोलायचे हो याच्याशी? काय मागायचे?" माझ्यासाठी काहीतरी मागत असतील, अशी आशा होती, लपवून काय करू. तात्या म्हणाले, "मागत काय न्हवता. सांगायचा नुसता. सायेब काय बोलला, ओव्हरटाइम कुणाला दिला. बोट गेलं तवा तर हितं बसून रडला. म्हनला, मशिनीवर हुबं ऱ्हायाला भ्या वाटतंया, पर घरी कसं सांगू? मी मागं हुतो, त्याला ठावं न्हाई."

टेम्पोवाल्यानं विचारलं, "मॅडम, निघू का?" मी त्याला थांब म्हणाले. तुम्ही घाबरत होता, आण्णा. रोज घाबरून त्या मशिनीपाशी उभे राहत होता, आणि ते आम्हाला सोडून याला माहीत होतं. मी त्याला माफ केलेलं नाही. पण तुमचं सगळं ऐकलेला तो एवढा एकच उरला आहे, त्याला मी कुठल्या बागेत पाठवू? दुसऱ्या दिवशी नकाशा बदलला. आता तो वेशीपाशीच आहे, रस्त्यापासून थोडा मागे सरकून, आणि फुटपाथ त्याला वळसा घालून जातो. रस्ता हवा तेवढा रुंद झाला. पार्किंगची जागा गेली म्हणून सोसायटीवाले माझ्यावर चिडलेत. त्या बाई मात्र खूश आहेत, त्यांना वाटतं मी त्यांचं ऐकलं.

तात्यांनी सांगितल्याप्रमाणे कवचाच्या ढलप्या मी इंद्रायणीत सोडल्या. एक सोडली नाही. ती कपाटात कंपासपेटीशेजारी आहे. अधूनमधून दार लावून तिच्यावर बोटं ठेवते. तीन बरोबर बसतात, मधलं दुमडावं लागतं.

हे पत्र त्याच्यापाशी ठेवून यावं, असं मनात होतं. तिथून ते तुम्हाला नक्की पोचलं असतं. वेशीपर्यंत गेलेही होते आणि तशीच परत आले. माझं बोलणंही तुम्हाला त्याच्याकडूनच कळावं, एवढी मोठी मी अजून झालेली नाही.