हळदीचा पहिला घाणा

१८ जाने., रविवार
डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहा, उजव्या हाताची बोटं मोकळी होतील. म्हणून ही वही. लिहायचं काय पण? सकाळी नळाला पाणी नव्हतं. दुपारी टँकर आला. झाल्या दोन ओळी.

हात खरं तर बरा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी, ताणलेली, पण दुखत नाही. हे फक्त इथं लिहिते. घरात सांगते, दुखतोय. दिवाळीत चकलीची कढई उतरवताना सांडशी निसटली आणि सगळं तेल हातावर आलं. जखम भरली. पण कढईत तेल तापलं की माझे पाय आपोआप मागे जातात. अकरा वर्षं ह्या शिरगावात वड्यांच्या, कटलेटच्या, भज्यांच्या ऑर्डरी घेतल्या, आणि आता साधी फोडणी पडताना मी दारात उभी असते. फोडणी हे घालतात. मोहरी आधी की जिरं, हे त्यांचं अजून पाठ झालेलं नाही, रोज विचारतात. लाज वाटते मला. कुणाला सांगू?

२० जाने.
विलासचा फोन. धाकटा भाऊ माझा, वांगणीकडे गावात असतो. त्याच्या रुचीचं लग्न ठरलं! २१ फेब्रु.ला हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. रडलेच मी फोनवर. एकुलती एक भाची.

मग म्हणाला, "बाय, पयला घाणा तुजा, ध्यानात हाय ना?"

माहेरची रीत. घरच्या हळदीला मांडवात चूल मांडतात, मोठी कढई चढते, आणि तिच्यातला पहिला घाणा, वड्यांचा असो की कटलेटचा, आत्यानं तळायचा. तो देवापुढे, मग नवरीच्या तोंडात, मग बाकीची पंगत. माझ्या हळदीला माझ्या आत्यानं तळला होता. रुचीला दुसरी आत्या नाही.

"हात दुखतो रे," म्हटलं.
"महिना हाय अजून. बरा व्हईल."
बरं म्हटलं. कशाला बरं म्हटलं, देव जाणे.

२३ जाने., शुक्र.
सूनबाई आज ऑफिसमधून येताना भला मोठा खोका घेऊन आली. एअर फ्रायर. मैत्रीण नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकला गेली, जाताना हिला देऊन गेली. काळं, गोल, खाली खेचायचा डबा.
"हे काय, तांदूळ मोजायचं?" मी.
"आई, ह्यात तेल तापवायला लागत नाही. गरम वाऱ्यावर होतं सगळं."
"वाऱ्यावर पापड वाळतात. कटलेट होत नाहीत."
चिडलेच होते जरा. अकरा वर्षांची तळणारीण मी, आणि मला खेळणं आणून देते! पूर्वानं ते ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ठेवलं आणि कपडे बदलायला गेली.

२५ जाने.
पू. रविवारची उशिरा उठते, तेवढ्यात गुपचूप करून बघितलं. बटाटा, गाजर, मटार, थोडं बीट, भिजवलेले पोहे. माझे नेहमीचेच कटलेट. वरून रवा आणि तांदळाचं पीठ लावलं, बोंबलाला लावतो तसं. आमच्याकडे कशालाही तेच लागतं. तेल बिलकूल नाही, कारण पू. म्हणालेली की तेल नको.

पंधरा मिनिटांनी डबा ओढला तर पांढरेफटक. भस्म लावलेले साधू बसलेत जणू. अर्धा रवा वाऱ्यानं उडून तळाला. हे दोन खाऊन गेले, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "चांगलेत. औषधासारखे आहेत."
उरलेले कालवणात कुस्करले.

२८ जाने.
आज ब्रेडचा चुरा हवा होता. दुकानात संपलेला. मग काय, चहाचे टोस्ट होते घरात, तेच मिक्सरला फिरवले. वेलचीचे गोड टोस्ट. डोकं कुठं होतं माझं? साखर आधी जळली. बाहेरून कोळसा, आतून गार, आणि चव नानकटाईची. पू.नं एक तोंडात घातला, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी ज्या हसत सुटलो! किती महिन्यांनी हसले असेन अशी.

हे तिकडून ओरडले, "भट्टी रिकामी तापवून घे आधी! थंड भट्टीत माल टाकतात का कधी?" ह्यांची सगळी नोकरी अंबरनाथला रंगाच्या भट्टीवर गेली. त्यांना बोलायला विषय मिळाला एकदाचा. आता तेही स्वयंपाकघरात.

३१ जाने., शनि.


सकाळी चपात्यांची कणीक मळत होते. पू. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, हात दुखत असता तर एवढी घट्ट कणीक मळता आली नसती."
मी कणकेला आणखी एक गुद्दा घातला.
"तुम्हाला तेलाची भीती वाटते ना?"
परातीतच हात ठेवून रडले. तिनं उठून गॅस बंद केला, दुधाखालचा, आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं तिला. म्हणून तिनं घरात कधी पापड तळायचाही विषय काढला नाही. म्हणून मैत्रिणीकडून ते यंत्र मागून आणलं. दिलं नव्हतं मैत्रिणीनं, हिनं मागितलं होतं!

तीन महिने पोरगी सांभाळून घेत होती मला, आणि मी तिला तांदूळ मोजायचं काय म्हणून टोमणा मारला. देवा, माझी स्वतःची मुलगी असती तर ह्याहून काय वेगळं केलं असतं तिनं?

"विलासमामांना सांगा," म्हणाली.
ते नाही जमणार. आत्याच घाबरट निघाली, असं गावभर होईल.

३ फेब्रु.
हळदीच्या साड्या घ्यायला मी नि पू. उल्हासनगरला. तिसऱ्या दुकानात पाय दुखायला लागले म्हणून बसले. दुकानाच्या मालकीणबाई सिंधी, सत्तरीच्या. आंटी म्हणतात सगळे त्यांना. त्यांची जेवायची वेळ. डबा उघडला तो पुढं केला, "खाओ बेटी, बिना खाये साडी पसंद नहीं आती."

डब्यात बटाट्याच्या चकत्या, चेपलेल्या, तिखट-आमचूर लावलेल्या. त्याला टुक म्हणतात. दुपार झालेली तरी कुरकुरीत! विचारलं, कसं काय? तर म्हणाल्या, "दो बार. एक बार आधा पकाओ, निकालो, हथेली से दबाओ, ठंडा होने दो. फिर दुबारा. जल्दी किया तो गया."
पू.नं माझ्याकडे बघितलं. मी पू.कडे.
साडी तिथलीच घेतली, हिरवी. भाव केलाच नाही, जीभच उचलेना.

४ फेब्रु.
साध्या ब्रेडच्या कडा दोन दिवस वाळवलेल्या, त्यांचा जाडसर चुरा. कटलेट आधी कॉर्नफ्लोअरच्या पातळ पिठात, मग चुऱ्यात. वर ब्रशनं तेल, दोन्ही बाजूंनी. गार तेलाला मी घाबरत नाही, हे आजच कळलं! बाटलीतलं तेल वाटीत ओतलं, ब्रश बुडवला, फिरवला. काही झालं नाही मला.

ह्यांच्या भट्टीच्या नियमानं यंत्र आधी तापवलं. आठ मिनिटं, काढले, हातानं हलके दाबले, पंख्याखाली गार. मग परत, आच वाढवून.

कुर्रर्र आवाज झाला चावताना. ह्यांनी डोळे मिटून खाल्ला. चार खाल्ले. मग म्हणाले, "आलीस परत." एवढंच. मग टीव्ही लावला. सकाळी मोहरी-जिऱ्याचा गोंधळ घालणारा हा माणूस, तीन महिने का ते एकदाही न विचारता माझ्या जागी उभा राहिला. त्यांच्यासमोर बोलता येणार नाही म्हणून इथं लिहिते: फार उपकार आहेत.

८ फेब्रु.
परत कटलेट केले. फ्लॉवर घालून बघितला, पाणी सुटतं, नको. फरसबी चालते. शेजारच्या वहिनींकडे सहा पाठवले. रिकामी ताटली घेऊन स्वतः आल्या, "ऑर्डरी परत सुरू का?"
काय सांगू? एका वेळी सहा होतात.

१२ फेब्रु.
नऊ दिवस राहिले. यंत्र घेऊन जायचं का हळदीला, असं पू.ला म्हटलं. हे ऐकत होते. "दोनशे माणूस जेवायला, एका खेपेला सहा कटलेट. शेवटच्या पंगतीला मिळेस्तोवर रुचीचं पोर शाळेत जाईल."
हसले, पण हसू टिकलं नाही. दोनशेचं कुणी करील. प्रश्न पहिल्या घाण्याचा आहे. उकळत्या कढईसमोर उभी राहिले आणि सगळ्या भावकीसमोर मागे सरले तर? पोरीच्या हळदीत अपशकून म्हणतील.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
उपास. साबुदाणा वडे यंत्रात टाकले, चार फुटले. पू.चा एकच धोशा, मामांना फोन करा. दोनदा नंबर काढला, दोनदा बंद केला.

१७ फेब्रु.
केला फोन.

"विलास, हात बरा आहे माझा. केव्हाच बरा झालाय. मला तेलाची भीती वाटते. तुझ्या कढईसमोर नाही उभी राहू शकणार मी."
पलीकडे मांडवाचे बांबू उतरवत होते, तेवढा आवाज.
मग म्हणाला, "मंग मना सांगाचा व्हता ना गो बाय! एवरे दीस मनातल्या मनात कुरत बसलीस?"
लहानपणी मी त्याला रागवायचे तसा रागावला. मग विचारलं, आता काय करायचं. मी यंत्राचं सांगितलं. म्हटलं, तळलेला नाही म्हणून चालणार नसेल तर तसं सांग, तुझ्या बायकोला तळू दे, मी वाईट मानणार नाही.
"घाणा कढईचा नसतो, आत्याचा असतो," म्हणाला. "घेवून ये तुजं यंत्र."
रडत होता की काय कोण जाणे, फोन पटकन ठेवला.

२१ फेब्रु., हळद
पहाटे उठून कटलेट वळून डब्यात भरले. यंत्र मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणतो, "मावशी, स्पीकर आहे का?"

मांडवात पोचलो तर विजेच्या बोर्डावर सगळ्या पिना डीजेच्या. विलासनं त्याला एक काढायला लावली. गाणं मध्येच बंद! आगरी माणसाच्या हळदीत डीजे बंद म्हणजे काय, सगळी माणसं वळून बघायला लागली कोण मेलं म्हणून. आणि बघतात तर मी, हिरव्या साडीत, काळ्या डब्यासमोर वाकून. थोरल्या काकी पुढं आल्या. "यो कसला गो चुला?"
वाटलं, आता हात दुखतो असं म्हणावं. पण म्हटलं, "काकी, भाजल्यापासून मला उकळत्या तेलाची भीती वाटते. म्हणून ह्यात करते."
सगळ्यांसमोर म्हटलं. जमीन काही फाटली नाही.
काकी यंत्राकडे बघत राहिल्या. मग बाजूची खुर्ची ओढून बसल्याच. "झाला का बघ," दर मिनिटाला. मध्ये काढून गार करायला ठेवले तर म्हणतात, "कच्चंच कारलंस?" त्यांना सगळं दोन-दोनदा समजावलं.

सहा निघाले. लालसर, सारखे. एक देवापुढे. रुचीच्या दोन्ही हातांना हळद, म्हणून मीच भरवला. तिनं खाल्ला, अजून एक मागितला, आणि हळदीच्या हातांनीच मिठी मारली. साडीचं वाटोळं. खुशाल होऊ दे.

मग डीजे सुरू झाला. विलासच्या बायकोनं पंगतीसाठी मोठी कढई चढवली. मी लांबच बसले, काकींच्या शेजारी. पण उठून गेले नाही.

२४ फेब्रु.
लग्न छान झालं. पाय सुजलेत. रुचीचा सासरहून फोन, आत्या, त्या कटलेटचं कसं करायचं ते लिहून पाठव. पाठवते म्हटलं, दोनदा भाजायचं, घाई नाही करायची. वही भरत आली, डॉक्टरांना दाखवायची की नाही ठरत नाही. सगळंच वाचतील.

२६ फेब्रु., गुरु.
चहा पिताना पू. सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "आई, शनिवारी कांदाभजी करायची? कढईत. गॅस मी लावते, तेल मी ओतते, शेजारी मी उभी. तुम्ही फक्त एक सोडा. नाही जमलं तर यंत्र आहेच."
मी कप अर्धाच खाली ठेवला. तिला दिसलं ते. कप उचलून आत गेली, परत विचारलं नाही.
बघू, म्हटलं मी तिच्या पाठीला.
मग हे बाजारात निघाले तेव्हा दारापर्यंत गेले आणि सांगितलं, बेसन संपलंय, अर्धा किलो आणा.