काशाचा पत्रा

गोकुळभाऊंस,

काल विसर्जनाच्या बंदोबस्तात आपण दोघं खाकीतच होतो, तुम्ही पोलीस, मी होमगार्ड. साहेबांनी विचारलं, "हा कोण?" तुम्ही म्हणालात, "होमगार्ड आहे, साहेब." खोटं काहीच नव्हतं.

आज मोनाली परीक्षेचं वाचत होती. रोमच्या सैन्यात परक्या मुलखातल्या लोकांचं सहायक पायदळ असायचं. पंचवीस वर्षं राबले की त्यांना नागरिक करून घेत, तसं काशाच्या पत्र्यावर कोरून देत. पोरगी म्हणाली, "बापू, तुमची किती झाली?"

बावीस. गर्दी अडवायचा दोर धरून तळहात सोललेत. उद्या परत एकाच चौकात उभं राहायचंय, म्हणून हे पत्र खिशातच ठेवतो.

पत्रा नको, भाऊ. पुन्हा कुणी "हा कोण?" विचारलं तर आपल्या अहिराणीत सांगा, "हाऊ मना भाऊ शे."

तुमच्या पाठचा,
राजधर