एकपाठ्याच्या उपरण्याला पाच गाठी

ता. ६ जानेवारी १८८९, रविवार, सकाळ. ठाणे.

आजपासून रोजनिशी. कोणाला वाटेल, विसरतो म्हणून लिहितो. छे! मी एकपाठी. एकदा ऐकले की कोरले गेले. आठव्या वर्षी मासुंदा तळ्याच्या काठच्या बंगल्यात एका गोऱ्या साहेबाने इंग्रजी कायद्याचे एक पान वाचले, आणि इंग्रजीचे अक्षर ठाऊक नसता मी ते जसेच्या तसे म्हणून दाखवले. साहेब खुर्चीवरून उठला. तांबडी शाल मिळाली. पुढे सहा महिने अर्धे ठाणे आमच्या ओटीवर.

सध्या कोर्टात नकलनवीस. तात्पुरती सोय. बावीस वर्षे झाली. म्याट्रिकला तीनदा बसलो, पण परीक्षक अर्थ विचारतात. अर्थ हे माझे खाते कधीच नव्हते.

मागच्या दोन रोजनिश्या कुठे ठेवल्या, ते कुटुंबाला विचारणे.

ता. ८, मंगळवार.

कल्याणहून पत्र. भाऊ दातार वकील यांचे. त्यांची मुलगी सुमती, वय सात, एकपाठी निघाली. मुंबईचे कोणी सहदेवराव म्हणून कंत्राटदार तिला पुण्यापासून बडोद्यापर्यंत तिकीट लावून फिरवू म्हणतात. दोन वर्षांचा करार, शाळा बंद. भाऊंचे मन दोहीकडे. लिहितात, 'आपण या वाटेने गेलेले. एकदा येऊन पोरीला पाहावे, आम्हांसही आपणांस पाहता येईल, मग ठरवू.'

म्हणजे गुरू हवा आहे. सरळ आहे. रविवार ता. २७ ला येतो म्हणून उलट टपाली कळवले.

ता. ९, बुधवार.

संकल्प: पहाटे चारला उठणे, थंड पाण्याने स्नान, वीस श्लोक एका ऐकण्यात. कल्याणला काही नवे ऐकून तिथल्या तिथे म्हणून दाखवायचे. चहा सोडला.

ता. १०, गुरुवार.

थंडी फार. चहाशिवाय आवाज बसतो, असे एक वैद्य म्हणाल्याचे स्मरते. चहा धरला.

ता. ११, शुक्रवार, संध्याकाळ.

कुटुंबाने सकाळी संक्रांतीचे तीळ आणायला सांगितले. आठवण म्हणून उपरण्याला गाठ मारली. बाजारात गाठ दिसली. तिच्यात काय बांधले होते ते मात्र दिसले नाही. रिठे आणले. कुटुंब शेजारणीला ऐकू जाईल असे म्हणाले, आमचे हे एकपाठी हो, पण तिळाला दोनदा धाडावे लागतात.

थोर बुद्धी क्षुद्र जिन्नस धरून ठेवत नाही. बायकांना हे कळत नाही.

ता. १६, बुधवार.

हेडक्लार्क जेराल्डला म्हटले, कोणताही कागद एकदा वाच. त्याने मिठागराच्या बांधावरून झालेल्या तंट्याची कैफियत वाचली. मी डोळे मिटून घडाघडा म्हटली. जेराल्ड म्हणाला, वा पंत, शाब्बास, पण हा कालचा कागद हाय, काल तुम्हीच लिवलेला. आज मी दुसराच वाचला.

स्मरण इतके तीव्र की कालचे आजच्या डोक्यावर चढून बसते. हा दोष नव्हे. अतिरेक.

ता. २०, रविवार.

एकपाठाचा खेळ रद्द. गुरूने खेळ करू नयेत, उपदेश करावा. पाच मुद्दे काढले, फार उत्तम निघाले. प्रत्येकाला उपरण्याची एक गाठ. बोलताना एकेक गाठ हाती घ्यायची आणि एकेक मुद्दा सोडायचा. कागदावर टिपले नाहीत. एकपाठ्याने टिपणे म्हणजे पोहणाऱ्याने भोपळा बांधणे.

ता. २६, शनिवार.

घात! कुटुंबाने उपरणे धुतले. गाठी सोडल्या. विचारले तर म्हणते, गाठींसकट धुऊ की काय? पुन्हा पाच मारल्या. त्याच जागी. म्हणजे मुद्देही तिथेच असणार.

ता. २८, सोमवार, सकाळ.

काल कल्याणास जाऊन आलो. यशस्वी दिवस. क्रमाने लिहितो.

पत्त्याचा कागद घरी राहिला होता. टांगेवाल्याला एवढेच म्हटले, एकपाठ्याचे घर. नेमके पोचवले. धन्य वाटले. उतरताना म्हणाला, पोरगी हुशार आहे हां, शेठ.

दिवाणखान्यात भाऊ, त्यांची थोरली बहीण बायजाआत्या आणि सहदेवराव. सहदेवरावांच्या हातात कराराचा कागद आणि बोटांत तीन अंगठ्या. सुमती म्हणजे दोन वेण्या आणि मोठे डोळे. सहदेवरावांनी एका संस्कृत पोथीतले पान वाचले. पोरीने सगळे म्हटले, काना चुकला नाही. मग एका शब्दाशी अडून विचारू लागली, म्हणजे काय? सहदेवराव म्हणाले, बाळ, अर्थावर तिकीट खपत नाही.

मी म्हटले, बरोबर. मी जन्मभर अर्थावाचून निभावले.

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिले.

मग मला आग्रह झाला. (झालाच असता, म्हणून मी आधीच उठलो.) साहेबाचे ते छत्तीस वर्षांपूर्वीचे इंग्रजी पान म्हटले. आरंभापासून अखेरपर्यंत. भाऊंनी हळूच विचारले, पंत, हे कशाबद्दल आहे ठाऊक आहे ना? मी म्हटले, राज्यकारभाराबद्दल असावे. ते म्हणाले, कोंडवाड्याबद्दल आहे. मोकाट गुरे धरून कोंडावी, त्याचे नियम.

छत्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नव्हते.

तरी डगमगलो नाही. उपदेशाला उभा राहिलो. पहिली गाठ हाती घेतली. सगळे थांबले. मी म्हणालो, 'तीळ.'

बाकीच्या चार गाठींत काहीच नव्हते.

सुमती खुदकन हसली. आत्याबाई तिला दटावून मला म्हणाल्या, पंत, आठव्या वर्षी साहेब खुर्चीवरून उठला, ते ऐकलं. मग मोठेपणी काय झालात?

मी म्हटले, अजून व्हायचं आहे.

आत्याबाईंनी भाऊंकडे पाहिले. भाऊंनी सतरंजीकडे. सहदेवराव घाईने म्हणाले, यांचा काळ वेगळा होता! निघताना आत्याबाईंनी नारळ दिला आणि मला नमस्कार केला, अगदी मनापासून. पोरीलाही करायला लावला. वयाने वडील बाईने वाकावे, यात काय ते आले.

ता. ४ फेब्रुवारी, सोमवार.

अजून पत्र नाही. शिकवणी लागली की नोकरी सोडीन, असे जेराल्डला सांगितले. तो म्हणाला, सोडा पंत, पण आजच्या नकला आटपून सोडा.

ता. १०, रविवार, दुपार.

पत्र आले. कुटुंब तांदूळ निवडत होते. मुद्दाम समोर बसून मोठ्याने वाचले. भाऊ लिहितात:

'आपल्या येण्याने आमचा निर्णय सोपा झाला. सहदेवरावांचा कागद न सही करता परत केला. सुमती शाळेतच जाईल, आणि अडेल तिथे अर्थ विचारील. बायजाताई म्हणते, आपले उपकार आमच्याने फिटणार नाहीत. आपण समोर बसला नसता तर आमचे डोळे उघडले नसते.'

वाचून मी मिशीवर हात फिरवला. कुटुंब हसेल म्हणून वाट पाहिली. ते तिळालासुद्धा हसले होते. आज हसले नाही. सूप खाली ठेवून म्हणाले, बरं झालं हो. पोर सुटली.

मग पत्र पुन्हा वाचले. एकपाठ्याला दुसऱ्यांदा वाचावे लागले. या खेपेस मनात.

खाली पोरीच्या मोठ्या अक्षरांत दोन ओळी आहेत: 'काका, त्या कोंडवाड्यातल्या गुरांचे पुढे काय झाले? त्यांना न्यायला कोणी आले का? बाबा म्हणतात, तुम्हांला पाठ आहे.'

ओटीवर बसून सगळे पान सावकाश म्हटले. चार वेळा. गुरे धरली, आत घातली, दार लावले. पुढे नाही. साहेबाने तेवढेच पान वाचले होते.

पुढच्या पानावर काय आहे, ते उद्या जेराल्डला विचारायचे. गाठ मारली आहे.