बाबांच्या चष्म्यावरचा फ्लॅश

१० नोव्हेंबर, सोमवार
घरात तीन मोबाईल आणि बाबांचा धड एक फोटो नाही! चौकीतले हवालदार म्हणाले, "आत्ताचा द्या. लग्नातलेबिग्नातले नकोत." आत्ताचा एकच आहे, तोही मीच काढलेला. चष्म्याच्या दोन्ही काचांवर फ्लॅश — दोन पांढरे गोल, आणि खाली बाबांचं वाकडं तोंड.

काल सकाळी दहाला काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. रोज जातात. साडेदहाला आईने पाहिलं तर फाटकात कोणी नाही. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांना एकच शब्द येतो — "बरं". नाव विचारा, बरं. पत्ता विचारा, बरं. उजवा हात गेलेला, म्हणजे लिहिणंही नाही. चेहऱ्यावरून कोणी ओळखलं तरच घरी येतील.

११, मंगळवार
हा फोटो बाबांच्या अपंगांच्या बसपासासाठी काढला होता. कार्यालयातल्या बाईंनी परत केला होता — "डोळेच दिसत नाहीत, दुसरा आणा." आई म्हणाली, "परत काढ रे." मी म्हटलं, रविवारी काढतो. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी बाबाच गेले. पास असता तर खिशात नाव-पत्ता असता. हे अजून आईला सुचलेलं नाही. सुचू नये.

१२, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत फोटोशी झटापट. उजेड कमी केला — पांढरे गोल करडे झाले, बस. एका अ‍ॅपने स्वतःच्या मनाने डोळे बसवून दिले, लांब पापण्यांसकट. बाबा एखाद्या नटीसारखे दिसायला लागले. हसू फुटलं. मग हसल्याची इतकी लाज वाटली की डबा तसाच परत आणला.

ताईचा फोन. "अरे, फ्लॅश बंद करून खिडकीशी बसवायचं. नाहीतर त्यांना मान जरा खाली करायला सांगायची. एवढं साधं!" साधं आहे खरं. आता कोणाला सांगू मान खाली करायला?

१३, गुरुवार
कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "काळोखात हरवलेलं असतं तर उजळवून काढलं असतं. हे पांढरं आहे. पांढऱ्याच्या खाली काही नसतं, साहेब." मग म्हणाला, जुना फोटो आणा, त्यातले डोळे लावतो. ताईच्या लग्नातला नेला. आठ वर्षांपूर्वीचा.

संध्याकाळी आईला घेऊन फोटो आणायला गेलो. काम सफाईदार, कुठे जोड दिसत नाही. "तोंडही जरासं सरळ केलंय, आपलं म्हणून," फोटोवाला म्हणाला. दोन्ही डोळे टक्क उघडे. बाबांची उजवी पापणी झटक्यापासून अर्धी मिटलेली असते. मला तिथेच दिसलं ते. बोलणार होतो. तेवढ्यात आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "आले हे." चार दिवसांत धड एक वाक्य बोलली नव्हती ती. मी पैसे देऊन टाकले.

१४, शुक्रवार
मालकांनी छापखान्यातच पोस्टरं छापून दिली. कापायची मीच — ते माझंच काम. आठ वर्षं लेबलं कापतोय, हात कधी चुकला नाही. आज एका गठ्ठ्यात पाती तिरकी गेली आणि पन्नासेक बाबा कपाळातून कापले गेले. मालकांनी नुसता नवा कागद पुढे ठेवला. त्यांनी ओरडायला हवं होतं.

१६, रविवार
पोस्टरं लावून आलो. बसस्टँड, स्टेशन, दवाखाने. बाहेरगावच्या बसवाल्यांकडेही गठ्ठे दिले, तिथले निवारे, इस्पितळं, सगळीकडे लावा म्हणून. बोटांना खळ. घरी आलो तर आईने एक स्वतःच्या उशाशी चिकटवलेलं.

१८, मंगळवार
फोन! "तुमचा माणूस स्टेशनच्या बाकावर बसलाय." मशीन तसंच टाकून पळालो. बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. माझ्याकडे वर बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. पोस्टरसारखे होते खरे. बाबांसारखे अजिबात नव्हते. ते बिचारे विचारत होते, "काय झालं?" मी आल्या वाटेने परत फिरलो.

म्हणजे मी गावभर भलत्याच माणसाला शोधत सुटलोय.

तरी फोटो बदलला नाही. बदलायचा तर आईच्या उशाशी जाऊन सांगावं लागेल की हे ते नव्हेत. उद्या सांगतो.

२०, गुरुवार
फोन नाही. सांगितलं नाही.

२२, शनिवार
ताई आली. चपला काढायच्या आधी दारावरचं पोस्टर बघितलं. "हे माझ्या लग्नातले बाबा आहेत," म्हणाली. मी उखडलो. "तू होतीस कुठे आठ महिने? त्यांची पापणी बघितलीस तरी कधी?" ती रडायला लागली. भांडण उकरून काढलं मी, कारण तिचं बरोबर होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

२४, सोमवार
हवालदारांनी बोलावलं. नदीत कोणीतरी सापडलं होतं. चादर बाजूला केली. बाबा नव्हते. आनंद व्हायला हवा होता. मनात पहिलं काय आलं ते लिहून टाकतो — असते तर एकदाचं संपलं असतं. स्वतःच्या बापाबद्दल. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

पंधरा दिवस झाले. गोळ्या नाहीत, अंगात स्वेटर नाही. आता ते येत नाहीत, हे मला कळतंय. आईलाही कळत असावं. आज तिने त्यांचं पांघरूण धुवायला काढलं.

२६, बुधवार
आईला सांगितलं. ऐकून म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे नीट बघत होते."

मग मी तो मूळचा फोटो, पांढऱ्या गोलांसकट, ताईकडून शंभर ठिकाणी पाठवला. खाली लिहिलं: उजवी पापणी अर्धी मिटलेली, तोंड वाकडं, फक्त "बरं" म्हणतात. आशा काही नाही. निदान खोटं तरी नाही.

२७, गुरुवार
बाबा सापडले. कुठल्याशा बसमध्ये बसून गेले होते; इथून दोन तासांवरच्या निवाऱ्यात, दहा तारखेपासून आहेत. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कालचा फोटो बघताक्षणी ओळखलं हो. तुमचं ते दुसरं पोस्टर तर आमच्या जेवणाच्या खोलीतच आहे. हे रोज नखाने त्यातला उजवा डोळा खरवडायचे. आम्ही दोनदा नवीन लावलं. शेवटी पोस्टर खराब करतात म्हणून यांना जेवायला दुसऱ्या खोलीत बसवायला लागलो."