मोरछाप मशीनची दुसरी होडी

आप्पा, काल दुपारच्या टपालानं पार्सल आलं. मशीनच्या होड्या दोन, एकशे ऐंशी रुपये. सुयांचं पाकीट एक, बारा रुपये. तेलाची बाटली एक, पंधरा रुपये. टपालखर्च किती झाला ते सुनेनं सांगितलंच नाही, तेवढी एक ओळ वहीत कोरी आहे. तुमच्या काळी एवढ्या पैशात अख्खी मशीन घरी येऊन वर पेढे वाटून झाले असते. सून म्हणाली, "आत्या, मशीन एक अन् होड्या दोन कशाला? एक तरी कुठं मिळत होती? किती दुकानं पालथी घातली मी." मी म्हटलं, असू दे गं, पुन्हा मिळायच्या न्हाईत. ते काही खोटं नव्हतं. पण दुसरी होडी कशासाठी मागवली हे या जगात आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि त्या जगात तुम्हाला.

होडी हा शब्द आपल्या घरातलाच. खालच्या दोऱ्याची बारकी रीळ पोटात घेऊन सुईखाली पुढं-मागं धावणारा तो लोखंडी तुकडा, दुकानदार त्याला शटल म्हणतात. मी लहानपणी त्याला होडी म्हटलं आणि तुम्हीही म्हणायला लागलात. सोनपेठच्या बाजारात आपलं कापडाचं दुकान होतं, आणि हातानं फिरवायची ती जर्मन मोरछाप मशीन तुम्ही हैदराबादहून आणली होती. राणीछाप विलायती मशीन महाग, तिचा एजंट परभणीत. मोरछाप स्वस्त, तिचा एजंट कुठंच नाही. "घ्यायची वस्तू एकदा, दुरुस्ती शंभरदा," असं काका तेव्हाच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "दुरुस्तीच लागणार न्हाई." मग लढाई लागली, कापडावर कंट्रोल आला, फळ्यांवर दाखवायला ठाण उरलं नाही, तेव्हा तुम्ही स्वतः मशीनपुढं मांडी घालून बसलात. लोकांच्या बंड्या, टोप्या, उशांचे अभ्रे शिवायला लागलात. काका उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, "दादा, वाण्याच्या पोटी जन्मून शिंप्याचा धंदा मांडला. लोक हसायलेत." तुम्ही चाक न थांबवता म्हणायचात, "मठात स्वामी सांगतात कामातच देव हाय, तवा तू मान डोलावतोस. घरी आल्यावर देव बदलतो का?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "ही मशीन चालती तवर पोरीची शाळा चालती." मी परभणीत आत्याकडं राहून निजामाच्या उर्दू शाळेत शिकत होते. आपल्या वाड्यातली कुठली पोर चौथीपुढं गेली नव्हती.

म्हणून ज्या उन्हाळ्यात मशीन टाके सोडायला लागली, त्या उन्हाळ्यात मी घरात पाय न वाजवता वावरत होते. होडीचं नाक झिजून तुटलं होतं. लोहारानं कानस लावली तर ती आणखीच अडकायला लागली. हैदराबादच्या दुकानदाराचं उत्तर आलं, जर्मनीचा माल बंद आहे, लढाई संपेपर्यंत विचारू नये. काकांना आयतं कोलीत मिळालं. "मशीन बी बसली, आता पोरगी बी बसू द्या घरी. राणीसावरगावचं एक स्थळ हाय, माणसं चांगली हायेत." मायनं माझ्या पुस्तकांचं गाठोडं सोडून कपाटात लावलं, ते मी पाहिलं. शाळा उघडायला थोडे दिवस होते. तुम्ही एका सकाळी मशीन गोधडीत गुंडाळली, मला म्हणालात, "ऊठ माय, तू बी चल. पाट्या कोण वाचणार?"

गंगाखेडपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे. डब्यात तुम्ही मशीन मांडीवर घेतली होती, आजारी लेकराला घेतात तशी. परभणीचं स्टेशन जवळ आलं तसं तुम्ही कनवटीची भस्माची डबी काढली. रोज पूजा झाली की स्वतःच्या कपाळाबरोबर मशीनलाही भस्माचे तीन पट्टे ओढायची तुमची पद्धत होतीच. पण त्या दिवशी तुम्ही पट्टे ओढले नाहीत. मशीनवरचा सोनेरी मोर पिसाऱ्यासकट भस्मानं लिंपून टाकलात, आणि त्याखालची अक्षरंही. मी बघत राहिले तर म्हणालात, "राणीछापच्या दुकानात चाललोय. पाव्हण्याच्या घरी दुसऱ्याचं नाव मिरवू न्हाई."

दुकानात काचेची कपाटं, भिंतीवर राणीचं चित्र, गल्ल्यामागं एजंटसाहेब. त्यांनी मशीनकडं पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि एकाच फटक्यात भस्म पुसलं. मोर लख्ख बाहेर आला. साहेब म्हणाले, "आप्पा, मोर को भस्म लगाए तो नंदी बनता क्या? ये तो दुश्मन की मशीन है." दुकानातली माणसं हसली. मीही हसले असते, पण तुमच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. तुम्ही म्हणालात, "साहेब, लढाई राजांची. माझ्या मशीननं कोणाचं काय घोडं मारलं? ही एवढी होडी द्या, पोरीची शाळा अडलीय." साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी कायदा सांगितला: माल थोडा, त्यामुळं राणीछाप मशीनचा नंबर दाखवील त्यालाच सामान, आणि एका नंबराला सालात एकच होडी. मोराचा नंबर त्यांच्या रजिस्टरात कसा असणार?

आपण बाहेर येऊन लिंबाच्या सावलीत बसलो. तुम्ही गोधडीची गाठ बांधत होतात आणि ती बसतच नव्हती. तेवढ्यात दुकानातून एक म्हातारे दर्जी आले. शेरवान्या शिवणारे म्हणून गावात त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. आपल्या आधीपासून ते आत बाकावर बसून होते, सगळं ऐकलं होतं त्यांनी. न विचारताच गोधडी उलगडली, खालचं झाकण सरकवलं, आणि हातातल्या पुडीतून नुकतीच घेतलेली नवी कोरी होडी काढून आपल्या मोरात घातली. चाक फिरवलं. ती अशी धावली की जणू तिथलीच होती. उस्ताद हसले, "दोनों बहनां हैं. ससुराल अलग अलग." मग मला म्हणाले, "क्या पढ़ती बच्ची? वो बोर्ड पढ़ के बता." मी दुकानाची उर्दू पाटी वाचून दाखवली, खालचे बारीक शब्दसुद्धा. उस्तादांनी मान हलवली आणि गोधडीची गाठ स्वतःच्या हातानं बांधली, होडी आत ठेवूनच.

तुम्ही पुढ्यात पैसे धरलेत. त्यांनी दुकानात दिले तेवढेच मोजून घेतले, वरचे परत केले. "ज़्यादा मेरेकू नक्को." तुम्ही विचारलंत, "अन् तुमची मशीन?" "मेरी पुरानी है ना, साल खींच लेगी." तुम्ही त्यांचे हात धरलेत. "लढाई संपली की पहिली होडी तुमची. शब्द हाय." उस्ताद म्हणाले, "तो मिले जब इस बच्ची से ख़त लिखवाना. मैं आके ले जाऊँगा." आणि जाता जाता मशीनवर बोट ठेवून तुम्हाला एवढंच सांगितलं, "भस्म माथे को, आप्पा. मशीन को तेल." त्या दिवसापासून तुम्ही भस्म मशीनच्या लाकडी झाकणाला लावायला लागलात. मी अजून तिथंच लावते.

शाळा चालू राहिली. पावसाळ्यात एकदा शाळेतून येताना त्यांच्या दुकानावरून गेले, तर उस्ताद दारातल्या उजेडात बसून शेरवानीची लांब शिवण हातानं घालत होते. मागं राणीछाप मशीन झाकून ठेवलेली. जुन्या होडीनं साल खेचलं नव्हतं. मला पाहून म्हणाले, "हाथ की सिलाई का भाव ज़्यादा मिलता, बच्ची. जा, पढ़." सुट्टीत घरी आल्यावर मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही चाक थांबवलंत.

मी मॅट्रिक झाले. आता ख़त लिहिता येत होतं, पण होडी मिळत नव्हती. लढाई संपली तरी मिळाली नाही. मग निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत उस्तादांच्या दुकानाला कुलूप लागलं. कोणी म्हणालं हैदराबादेत आहेत, कोणी म्हणालं लेकीकडं गेले. बाजाराला परभणीला जायचात तेव्हा तुम्ही दोन चौकश्या करून यायचात, एक होडीची आणि एक माणसाची. माझ्या सासरी यायचात तेव्हा पाणी पिण्याआधी विचारायचात, "तुमच्याकडं कुठं मिळती का गं माय?" अखेरच्या दुखण्यातही विचारलंत. मी म्हटलं, मिळंल आप्पा. दुसरं काय म्हणणार होते?

तर मिळाली. काल उस्तादांची होडी काढली, नाक पार बोथट झालंय बिचारीचं, आणि नवी घातली. पहिला टाका देवाच्या वस्त्राला. दुसरी होडी पांढऱ्या फडक्यात बांधून देवघरात ठेवली आहे. मग कार्ड घेतलं, कारण ख़त माझ्याकडून लिहवून घ्यायचं ठरलं होतं. किती वर्षांनी उजवीकडून डावीकडं लिहिलं. एकदोन अक्षरं आठवावी लागली, पण लिहिलं: आपली होडी आली आहे, येऊन घेऊन जावी. पत्ता घालायला कार्ड उलटलं आणि नावाची ओळ कोरीच राहिली. आप्पा, आपण दोघंही त्यांना उस्तादच म्हणत राहिलो. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.

ते कार्ड वाया गेलं. त्याचे पैसे मी हिशेबात लिहिले नाहीत, आणि या कागदाला पाकीटही घेणार नाही. होडीच्या फडक्यातच घडी करून ठेवीन. तिकडं उस्तादांची गाठ पडली असेल तर सांगा, पोरीनं ख़त लिहिलंय. आणि त्यांचं नाव विचारून घ्या. उलट टपाली कळवा.