बाबांचा खोकला

ताई,

आज मी खाली बेकरीत उतरणार नाही. किल्ली खिडकीत ठेवली आहे, ती कारागिराला दे आणि मैदा त्यालाच चाळायला सांग. कुरकुर करेल, करू दे. माझे कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत टाकू नकोस. मी पुन्हा मोठ्या हॉस्पिटलात, ॲलर्जीच्या विभागात जातोय. आज नळीत फुंकायची तपासणी आहे.

काल त्यांनी हातावर थेंब टाकून सुईनं टोचलं. धूळ, मांजर, गवत, सगळं सपाट. मैद्याच्या थेंबाखाली मात्र ही टपोरी गांध उठली. नर्सबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा खोकला?" म्हटलं, वडिलांना होता, पण तो सिगारेटचा. "ओढताना कुणी पाहिलं होतं?"

ताई, कुणीच पाहिलं नव्हतं गं. मामाकडे राहायला गेले की बाबांचा खोकला थांबायचा, आठवतं? आई म्हणायची, तिथं चोरून ओढायला मिळत नाही ना, म्हणून. बाबा शपथा घेत राहिले आणि आपण आईची री ओढत राहिलो.

आईला यातलं चकार शब्द बोलू नकोस. मला धुळीचा त्रास आहे, एवढंच सांग. सिगारेट सुटेपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिनंच बाबांना खाली बेकरीत झोपायला पाठवलं होतं, आणि शेवटपर्यंत ते मैद्याच्या पोत्यांवर झोपले.

धाकटा