हे ‘हो, हो’ म्हणतात तेव्हा

ती. वन्संना,

नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही ठीक, निदान मी तरी. तुमच्या भावाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

संध्याकाळी मी परक्या मुलखातून आलेल्या मोठ्या माणसांना आपली भाषा शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना बोलता येतं, पण समोरच्याचं ऐकून काही कळत नाही. कारण संस्थेनं दिलेल्या रेकॉर्डिंगमधली माणसं दमानं, एकमेकांचं पुरतं ऐकून घेऊन बोलतात. (अशी माणसं मला आजवर भेटलेली नाहीत.) म्हणून ठरवलं, घरातलं खरंखुरं बोलणं ऐकवायचं. फोन रेकॉर्डिंगला लावून फ्रिजवर ठेवला आणि कामाला लागले. घाईत ते आधी ऐकायचं राहिलं, थेट वर्गातच लावलं. फळ्यावर प्रश्न लिहिले: कोण बोलतंय? कुणाशी? कशाबद्दल?

रेकॉर्डिंगमधला मिक्सर थांबला, मी गच्चीवर गेल्याची पावलं वाजली आणि मागोमाग ह्यांचा आवाज आला, कुणाशी तरी फोनवर. “शनिवारी पुन्हा बोलावलंय तिनं. स्वभावानं फार गोड. अगदी कानाशी हळू बोलते. काय? हो, हो. छे, हिला कळता कामा नये. ऑफिसचं काम सांगेन.”

वन्सं, माझ्या हातातला खडू गळून पडला. आमचा बेकरीवाला विद्यार्थी आनंदानं ओरडला, “प्रेम!” (हा शब्द त्यानं पहिल्याच आठवड्यात पाठ केलाय.) हा आवाज कुणाचा ते वर्गाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी “छान, आणखी कोण सांगेल?” म्हणत राहिले, मनात मात्र मागचे सगळे शनिवार उलटेपालटे करून पाहत होते. इस्त्रीचा शर्ट! नवा कंगवा! तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई, त्याही माझ्याच विद्यार्थिनी, म्हणाल्या, “पुन्हा लावा.” लावलं. “हा माणूस ‘काय?’ विचारतो, थांबतो, मग ‘हो, हो’ म्हणतो. बाई, याला ऐकू येत नाही. आम्ही तुमच्या तासाला असंच करतो.”

“म्हणजे माझं बोलणं तुम्हाला कळत नाही?”

“हो, हो,” सगळा वर्ग म्हणाला.

घरी आले तर हे खिडकीशी पाठमोरे बसलेले. दारातूनच नेहमीच्या आवाजात म्हटलं, “मी घर सोडून चाललेय.”

“हो, हो. येताना साबण आण.”

मग समोर बसले आणि शनिवारवाली कोण ते विचारलं. निघाली कान तपासणारी बाई! म्हणाले, “बायको जगाला ऐकायला शिकवते आणि नवरा बहिरा. लोक तुला हसतील.” मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ह्यांचा हात धरून बराच वेळ बसले. (संशय अजून पुरता फिटलेला नाही. “कपाट आवरा” ऐकू येत नाही आणि पलीकडच्या खोलीत फोडलेला बिस्किटांचा पुडा बरोबर ऐकू येतो, हे कसं?)

तुमची,
भावजय

ता. क. फोनवर पलीकडे तुम्ही होतात, हे ह्यांनी कबूल केलंय. मला सांगू नये हा सल्ला कुणाचा, ते मी विचारत नाही. कानाचं मशीन लावायला नाही म्हणतात. तुमचा शब्द मोडत नाहीत, तेव्हा तुम्हीच राजी करा.

आणखी एक. मशीनचं लगेच काढू नका, महिनाभर जाऊ द्या. स्वयंपाकघरात एकटीनं मोठ्यानं बोलायची मला सवय आहे, आणि त्यात तुमचा विषय बराच येतो. ती सुटायला वेळ लागेल.